सात खासदार, एक राज्यमंत्रिपद: ठाणे-कल्याण-मावळच्या पदरात काय?

अनुजा_ऐरोली | ११ जून २०२४, रात्री १०.४०

रविवारचा शपथविधी आणि काल संध्याकाळचं खातेवाटप, दोन्ही नीट बघून मग हा धागा काढतेय. कुठला पक्ष चांगला आणि कुठला वाईट यावर बाकीचे धागे भरून वाहताहेत, ते इथे नको. मला आपल्या पट्ट्याबद्दल बोलायचंय.

मोदींखेरीज ७१ मंत्री झाले. महाराष्ट्राच्या वाट्याला सहा. त्यात गडकरी आणि पीयूष गोयल हे दोघेच कॅबिनेट. बुलढाण्याचे प्रतापराव जाधव स्वतंत्र कार्यभाराचे (आयुष खातं), आणि आठवले, रक्षा खडसे, मुरलीधर मोहोळ राज्यमंत्री. ठाणे जिल्ह्याला २०२१ पासून कपिल पाटलांच्या रूपाने एक राज्यमंत्रिपद होतं. भिवंडीत ते बाळ्यामामा म्हात्रेंकडून हरले, तेही गेलं.

आता शिंदेंच्या शिवसेनेचे खासदार बघा. एकूण सात, आणि त्यातले तीन आपल्या आजूबाजूचे: ठाण्यातून नरेश म्हस्के, कल्याणमधून श्रीकांत शिंदे, मावळमधून श्रीरंग बारणे. आपली ऐरोली आणि बेलापूर ठाण्यात, पनवेल आणि उरण मावळात. म्हणजे ठाणे-नवी मुंबईचा बहुतेक भाग या तिघांनीच व्यापलाय. भाजप २४० वर अडला, बहुमताला २७२ लागतात, मित्रपक्षांशिवाय सरकार उभंच राहत नाही. अशा वेळी सात जागांना एक राज्यमंत्रिपद. चिराग पासवान यांच्या पाच जागांना कॅबिनेट, कुमारस्वामींच्या दोनला कॅबिनेट, मांझी एकटेच निवडून आले तरी कॅबिनेट. बारणेंनी काल हीच तुलना उघडपणे बोलून दाखवली.

पण मला मंत्रिपदापेक्षा दुसरी गोष्ट खटकतेय. पाठिंब्याची पत्रं राष्ट्रपतींकडे गेली, ७ तारखेला जुन्या संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये नेतेनिवड झाली, भाषणं झाली. या सगळ्यात आपल्या भागासाठी कोणी काही मागितलं का? मागितलं असेल तर ते कुठे लिहिलेलं आहे? खुर्ची कोणाला मिळाली हे सगळ्या चॅनेलांनी सांगितलं. मागण्यांची यादी कुठेच दिसली नाही. जाणकारांनी लिहावं.

नाना_नौपाडा | ११ जून, रात्री ११.५५

अनुजाताई, विषय चांगला काढलात. आधी आकडे मांडतो, कारण सगळी गोम तिथेच आहे.

रालोआ, म्हणजे भाजपची राष्ट्रीय लोकशाही आघाडी, २९३. त्यातून तेलुगू देसमचे १६ काढा, २७७ उरतात, सरकार राहतं. नितीशकुमारांचे १२ काढा, २८१, राहतं. शिवसेनेचे ७ काढा, २८६, तरीही राहतं. म्हणजे एकट्यादुकट्याने उठून सरकार पाडेल असा एकही मित्रपक्ष या आघाडीत नाही. तेलुगू देसम आणि नितीशकुमारांचा जदयू दोघे एकदम उठले तर २६५, सरकार पडलं. आणि लोकांच्या लक्षात न आलेली गोष्ट अशी की तेलुगू देसम आणि शिवसेना एकदम उठले तर २७० उरतात, तरीही पडलं. सातचा आकडा कागदावर बिनकामाचा नाही.

मग कॅबिनेट का नाही? कारण आघाडीत नुसती संख्या मोजत नाहीत. हा उठून जाऊ शकतो का, हे मोजतात. तेलुगू देसमचे चंद्राबाबू १९९६ मध्ये संयुक्त आघाडीचे निमंत्रक होते, १९९८ मध्ये वाजपेयींना बाहेरून पाठिंबा दिला, २०१८ मध्ये रालोआ सोडली, २०२४ मध्ये परत आले. नितीशकुमार तर याच वर्षी जानेवारीत इकडे आले. हे दोघे जाऊ शकतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. शिंदेंच्या पक्षाचं मुख्यमंत्रिपदच भाजपच्या शंभरावर आमदारांवर उभं आहे. दिल्लीत आवाज चढवला तर मुंबईत खुर्ची हलेल. ज्याला उठता येत नाही त्याचं वजन कमीच धरलं जातं, मग आकडा काही असो.

जुना दाखला देतो. २००४ मध्ये राष्ट्रवादीचे नऊ खासदार होते. त्या नऊवर पवारांना कृषी आणि प्रफुल्ल पटेलांना स्वतंत्र कार्यभाराचं नागरी हवाई वाहतूक मिळालं. तेव्हा काँग्रेस १४५ वर होती. मोठा पक्ष जितका खाली, तितका छोट्याचा भाव वर. १४५ आणि २४० यांत फार फरक आहे हो.

घोडबंदरचा_केदार | १२ जून, सकाळी ८.१५

नानांचे आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष पटत नाही.

सरकार म्हणजे लिलाव आहे का? श्रीकांत शिंदेंनी स्पष्ट सांगितलंय की पाठिंबा बिनशर्त आहे. मला तरी ते योग्य वाटतं. १९९६ ते १९९९ आठवा. १९९६, ९८ आणि ९९ अशा तीन निवडणुका झाल्या. वाजपेयी तेरा दिवस, मग देवेगौडा, मग गुजराल, परत वाजपेयी, आणि १७ एप्रिल १९९९ ला एका मताने सरकार गेलं. २६९ विरुद्ध २७०. माझे वडील तेव्हा वागळे इस्टेटमध्ये छोटं युनिट चालवायचे. दर सहा महिन्यांनी दिल्लीत काय होणार या धास्तीने ऑर्डरी अडकायच्या. ज्याने ते दिवस घरात पाहिलेत त्याला स्थिर सरकारची किंमत कळते.

ठाण्यात म्हस्के दोन लाखांच्या वर फरकाने आले, कल्याणातही दोन लाखांच्या वर. लोकांनी मंत्रिपदाच्या आशेने मत दिलं नव्हतं. मोदी पंतप्रधान व्हावेत म्हणून दिलं, आणि ते झाले.

कळवा_फास्ट | १२ जून, सकाळी ९.५०

केदारदादा, मत कशासाठी दिलं ते ज्याचं त्याला माहीत. पण मत देऊन झाल्यावर मागायचंच नाही, हे कुठलं?

मी कळव्याचा, कामाला महापेला. रोज ठाण्याला उतरून नऊ-दहा नंबरवर जाऊन ट्रान्स-हार्बर पकडतो. ऑफिसच्या वेळेला त्या पुलावर पाऊल टाकायला जागा नसते. बायका पर्स छातीशी धरून एकेक पायरी उतरतात, मागून रेटा असतो, आणि खाली वाशी गाडी सुटताना दिसत असते. ऐरोली-कळवा उन्नत मार्ग झाला तर कल्याणकडून येणारा माणूस ठाण्याला न उतरता थेट नवी मुंबईत जाईल. एमयूटीपी-३ (मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाचा तिसरा टप्पा) मधलं ते काम. २०१६ अखेर मंजुरी. त्यातलं दिघा गाव स्टेशन यंदा जानेवारीत सुरू झालं. पुढचा कळव्याकडचा तुकडा झोपड्यांच्या पुनर्वसनावर अडकलाय. राज्य म्हणतं रेल्वेने बघावं, रेल्वे म्हणते राज्याने बघावं.

आता मला सांगा, दिल्लीत एक सरकार, राज्यात त्याच आघाडीचं सरकार, ठाणे आणि कल्याणचे खासदार त्याच आघाडीचे, मुख्यमंत्री ठाण्याचे. यापेक्षा चांगली मांडणी कधी येणार? हा तुकडा मागायला मंत्रिपद लागत नाही. "पाठिंबा घ्या आणि पुनर्वसनाचा निर्णय या तारखेपर्यंत द्या" एवढं एक वाक्य लागतं.

केंद्राने मनात आणलं तर काय होतं तेही पाहिलं. मतमोजणीच्या तोंडावर ठाण्याला ६३ तासांचा ब्लॉक घेऊन पाच-सहा नंबरचा फलाट रुंद केला. हाल झाले, पण काम झालं.

नाना_नौपाडा | १२ जून, दुपारी १.३०

कळवेकरांच्या मुद्द्याला जोड देतो. केदार, तुमच्या वडिलांनी जे सोसलं ते खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण त्याच अस्थिर वर्षांत मुंबईच्या लोकलसाठी एक मोठं काम झालं. १९९८ च्या सरकारात नितीशकुमार रेल्वेमंत्री आणि आपले राम नाईक रेल्वे राज्यमंत्री होते. मुंबई रेल विकास कॉर्पोरेशन १९९९ च्या जुलैत स्थापन झालं, म्हणजे सरकार पडून काळजीवाहू म्हणून चालत होतं तेव्हा. आज आपण ज्या एमयूटीपीची नावं घेतो ती तिथून निघाली. कॅबिनेटमंत्री बिहारचा, राज्यमंत्री गोरेगावचा, आणि गोरेगावच्या माणसाला लोकलचा प्रवासी ठाऊक होता.

आघाडी टिकते की पडते याचं मोठ्या पक्षाच्या जागांशी फार नातं नाही. २००४ चं सरकार १४५ वर पाच वर्षं चाललं. मध्येच डाव्यांनी अणुकरारावरून पाठिंबा काढला, २२ जुलै २००८ ला विश्वासदर्शक ठराव झाला, २७५ विरुद्ध २५६ ने सरकार तरलं. त्या सरकारने सुरुवातीलाच किमान समान कार्यक्रम छापून लोकांसमोर ठेवला होता. रोजगार हमीचा कायदा त्यात होता, माहिती अधिकार मजबूत करायचं त्यात होतं. २००५ मध्ये दोन्ही कायदे झाले. १९९८ मध्ये वाजपेयींनीही राष्ट्रीय कार्यक्रमपत्रिका काढली होती. कागद समोर असला की पाठिंबा देणारा आणि घेणारा दोघे बांधले जातात. या वेळी असा कागद अजून तरी समोर आलेला नाही. ताईंचा मूळ प्रश्न तोच आहे असं मला वाटतं.

अनुजा_ऐरोली | १२ जून, रात्री ९.०५

नाना, अगदी तेच म्हणायचं होतं. केदार, स्थिरता मलाही हवी. पण बिनशर्त म्हणजे लोकांच्या मागण्यांशिवाय, असा अर्थ मी लावणार नाही. खासदाराने स्वतःसाठी अट घालू नये हे ठीक. आमच्यासाठी घालायला हवी.

२० मेला आम्ही ज्या शाळेत मत दिलं तिथला प्रसंग सांगते. सकाळी साडेसातला रांग जिन्यापासून गेटबाहेर रस्त्यावर गेली होती. वर पत्र्याची शेड, पंखा नाही. आत मोबाइल नेऊ देत नव्हते आणि ठेवायला जागा नव्हती, म्हणून एकेकटे आलेले लोक गेटवरूनच परत फिरत होते. माझ्यापुढे एक आजी होत्या, सुनेचा हात धरून आलेल्या. टेबलाशी पोचल्यावर कळलं, सुनेचं नाव यादीत आहे, आजींचं नाही. त्याच घरातलं, त्याच पत्त्यावरचं. आजी म्हणाल्या, "अगं, मागच्या वेळी इथंच दिलं होतं मी." मतदान अधिकारी बिचारा घामाने भिजलेला, त्याच्या हातात काहीच नव्हतं. आजींनी शाई न लावलेलं बोट पदरात घेतलं आणि सुनेची वाट बघत भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

ठाण्यात सुमारे ५२ टक्के मतदान झालं, कल्याणात ५० च्या आसपास. जे उन्हात उभे राहिले त्यांच्या मताच्या जोरावर तीन खासदार दिल्लीत आघाडीचे घटक झाले. त्या उभं राहण्याची काहीतरी लेखी नोंद पाठिंब्यात असावी, एवढंच माझं मागणं आहे.

उलवे_उरणकर | १३ जून, सकाळी ७.२०

विमानतळाचं कोणी बोललंच नाही अजून.

नागरी हवाई वाहतूक खातं तेलुगू देसमच्या राममोहन नायडूंकडे गेलं. त्यांच्या हाताखाली राज्यमंत्री पुण्याचे मोहोळ. आणि देशातला एवढा मोठा नवा विमानतळ आमच्या दारात उभा राहतोय, तो बारणेंच्या मतदारसंघात. आमच्या गावांच्या जमिनी त्यात गेल्या. दि. बा. पाटील साहेबांचं नाव द्या म्हणून २४ जून २०२१ ला हजारो माणसं सिडकोवर चालून गेली, मी त्यात होतो. २०२२ मध्ये ठाकरे सरकारने शेवटच्या बैठकीत ठराव केला, मग शिंदे सरकारने परत केला, विधिमंडळाचाही झाला. त्याला दोन वर्षं होत आली. आता चेंडू दिल्लीत आहे.

तरुण मंडळींना माहीत नसेल म्हणून लिहितो. दि. बा. स्वतः इथले खासदार होते, १९७७ ला आणि १९८४ ला, शेकापचे. १९८४ च्या जानेवारीत जासईला गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. आज नवी मुंबईत ज्याच्या नावावर साडेबारा टक्क्यांचा प्लॉट आहे त्या घरात दि. बां.चा फोटो असतो. माझ्या घरी देवघराशेजारीच आहे.

शेकाप कधीच मोठा पक्ष नव्हता. तरी दि. बा. दिल्लीत काय मागायचं ते लिहून न्यायचे आणि परत येऊन गावकीत सांगायचे, असं आमचे म्हातारे सांगतात. आजचे सत्तेतले आहेत. मग नावासाठी अजून वाट का बघायची? भूमिपुत्रांच्या नोकऱ्यांचा मुद्दा तर वेगळाच, तो परत कधीतरी लिहीन.

माथाडी_कोपरखैरणे | १३ जून, दुपारी ३.१०

मी मूळचा साताऱ्याचा, तुर्भ्याला मार्केटला. आमच्यातल्या निम्म्यांची नावं अजून गावाकडं आहेत. ७ मेला साताऱ्याचं मतदान, तेव्हा इथून गाड्या भरून माणसं गेली. शशिकांत शिंदे म्हणजे माथाडींचा माणूस, ते उभे होते. उदयनराजे निवडून आले. मग ज्यांची नावं इकडं आहेत त्यांनी २० मेला ठाण्याला मत दिलं. एकाच खोलीतले दोन भाऊ, एकानं तिकडं दिलं, दुसऱ्यानं इकडं.

नाना म्हणतात ते पटतंय, पण त्यात एक राहिलं. सात खासदारांचा मोबदला दिल्लीत नाही, मुंबईत घ्यायचाय. चार महिन्यांवर विधानसभा आहे. महायुतीला राज्यात ४८ पैकी १७ मिळाल्या, महाविकास आघाडीला ३०, सांगलीत अपक्ष. भाजप स्वतः २३ वरून ९ वर आला. शिवसेनेनं १५ लढवून ७ आणल्या. आता विधानसभेच्या जागा वाटताना या सातचा दाखला काढला जाणार, बघा तुम्ही. कॅबिनेट न मागता गप बसण्यामागं तेच असावं.

त्यात आम्हां कष्टकऱ्यांचं काय, ते कुठल्याच वाटपात येत नाही, ती गोष्ट वेगळी. माथाडी कायद्यात बदल करायचं विधेयक विधिमंडळात पडून आहे. ते राज्याचं काम, इथं ताणत नाही.

घोडबंदरचा_केदार | १३ जून, रात्री १०.३०

माथाडीदादांचा मुद्दा मला सर्वात पटला. राजकीय पक्ष पुढचं बघूनच आजचं घेतात. मांझींचंही तेच, पुढच्या वर्षी बिहारची विधानसभा आहे.

एक निरीक्षण नोंदवतो. अवजड उद्योग हे खातं शिवसेनेकडे परंपरेने येत होतं. १९९९ ला मनोहर जोशी, २०१४ ला गीते, २०१९ ला १८ खासदारांवर अरविंद सावंत, ज्यांनी त्याच नोव्हेंबरात राजीनामा दिला. मध्ये २०११ ते १४ प्रफुल्ल पटेलांकडे होतं. म्हणजे फिरून फिरून महाराष्ट्राच्या मित्रपक्षाकडेच. या वेळी ते कुमारस्वामींना, पोलादासकट. आणि पटेलांना स्वतंत्र कार्यभाराचं राज्यमंत्रिपद देऊ केलं, ते त्यांनी आधी कॅबिनेटमंत्री होतो म्हणून नाकारलं. महाराष्ट्राचा भाव घसरला हे मान्य करावं लागेल. माझ्या मते त्याचं कारण निकाल आहे. ज्या राज्याने कमी दिलं, त्याला कमी मिळालं.

कळवा_फास्ट | १३ जून, रात्री ११.१५

महाराष्ट्राने कमी दिलं असेल. ठाणे, कल्याण, मावळ, पालघर यांनी तर दिलं ना? मग त्यांच्या वाट्याला काय?

नाना_नौपाडा | १४ जून, सकाळी १०.००

बरोबर विचारलंत. केदार, आघाडीत बक्षीस मतदाराला मिळत नाही, पक्षाला मिळतं, हाच तर धाग्याचा विषय.

आता सगळ्यांनी लोकसभेच्या सभापतिपदाकडे लक्ष ठेवा. १९९८ मध्ये चंद्राबाबूंनी मंत्रिपदं सोडून सभापतिपद घेतलं होतं, बालयोगींसाठी. २००२ मध्ये बालयोगींचं हेलिकॉप्टर अपघातात निधन झालं, मग मनोहर जोशी सभापती झाले. छोटे पक्ष या खुर्चीसाठी का झगडतात ते आपल्या राज्याला सांगायला नको. पक्ष फुटला तर अपात्र कोण, हे घटनेच्या दहाव्या परिशिष्टाखाली सभापतीच (विधानसभेत अध्यक्ष) ठरवतो. पूर्वी एक तृतीयांश फुटले तरी चालायचं. २००३ च्या घटनादुरुस्तीने ती सवलत गेली. त्याच दुरुस्तीने मंत्र्यांची संख्याही सभागृहाच्या १५ टक्क्यांत बसवली. लोकसभेसाठी ती मर्यादा ८१ येते. सध्या ७२ आहेत, म्हणजे अजून नऊ जागा हातात आहेत. मंत्रिपदाची आशा संपलेली नाही, पण मी त्याच्या मागे लागणार नाही.

अनुजा_ऐरोली | २७ जून, रात्री ८.४५

धागा वर काढतेय. काल सभापतिपदाची निवड झाली. ओम बिर्लाच पुन्हा आले, आवाजी मतदानाने. विरोधकांनी के. सुरेश यांना उभं केलं होतं. तेलुगू देसमने काही ती खुर्ची घेतली नाही. दहा वर्षांनी लोकसभेला विरोधी पक्षनेताही मिळाला. काँग्रेसच्या ९९ जागा आहेत, त्यामुळे या पदासाठी लागणाऱ्या दहा टक्के जागांची अडचण उरली नाही. राहुल गांधींच्या नावाला मान्यता मिळाली. मला हे चांगलं वाटलं. समोर बोलणारा असला की सत्तेतल्या खासदारालाही आपल्या बाजूने काहीतरी मांडावं लागतं.

घोडबंदरचा_केदार | २८ जून, सकाळी ८.००

बिर्लांच्या बाबतीत समाधानी आहे. उपसभापतिपद मात्र मागच्या पाचही वर्षं रिकामं होतं, ते या वेळी भरावं. हे सत्ताधाऱ्यांचा मतदार म्हणूनच सांगतोय.

कळवा_फास्ट | २३ जुलै, रात्री ९.३५

आजचं बजेट बघितलं ना सगळ्यांनी? अमरावतीच्या राजधानीसाठी या वर्षी १५,००० कोटींची व्यवस्था. बिहारला रस्त्यांसाठी २६,००० कोटी. नाना, तुमचे १६ आणि १२.

मी काही आंध्र-बिहारवर जळत नाही. त्यांच्या लोकांना रस्ते मिळू देत, गरज आहे त्यांना. पण त्यांच्या खासदारांनी काय मागितलं ते वर्षभर पेपरात येत होतं. विशेष दर्जा, राजधानी, पोलावरम. माणूस झोपेतून उठवून विचारला तरी सांगेल. आपल्या तीन खासदारांनी काय मागितलं ते ठाणेकराला विचारून बघा, एकालाही सांगता येणार नाही.

नाना_नौपाडा | २३ जुलै, रात्री ११.१०

हाच धडा घ्यायचा तर पुढचं काम आपलं आहे. अधिवेशन कालच सुरू झालं, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत चालणार. मंत्री नसलेल्या खासदाराच्या हातात एक चांगलं हत्यार असतं, प्रश्न. मंत्री झालेल्या खासदाराला सभागृहात प्रश्न विचारता येत नाही, मंत्री नसलेल्याला विचारता येतो. या अर्थी आपले तिघे मंत्री नाहीत हे आपल्या पथ्यावरही पडू शकतं.

रीत अशी. प्रश्नाची सूचना निदान पंधरा दिवस आधी द्यावी लागते. तारांकित प्रश्न दिवसाला वीसच येतात, त्यांची सोडत निघते, तिथे नशीब लागतं. अतारांकित २३० येतात, त्यांचं उत्तर लेखी मिळतं आणि लोकसभेच्या संकेतस्थळावर कायम राहतं. आपल्याला लेखीच हवंय. तातडीचं असेल तर नियम ३७७ खाली मुद्दा मांडता येतो, मंत्रालयाला त्याचं उत्तर द्यावं लागतं. खासदाराच्या कार्यालयात कोणीही मतदार जाऊन प्रश्नाचा मसुदा देऊ शकतो. मी पूर्वी एकदा दिलाय आणि त्यावर उत्तर आलेलं आहे. मसुद्यात भाषण नको. योजनेचं नाव, मंजुरीचं वर्ष, आजवर झालेला खर्च, अडथळा कोणता, आणि पूर्ण व्हायची तारीख, एवढंच विचारायचं. "आहे का" असं विचारलं तर "होय" उत्तर येतं. "केव्हा आणि किती" असं विचारा.

अनुजा_ऐरोली | २४ जुलै, सकाळी ७.५०

नाना, या अधिवेशनाला पंधरा दिवसांची मुदत फारच काठावर आहे, पण हिवाळी अधिवेशन आहेच. मी आजच लिहायला घेते. पहिला मसुदा ऐरोली-कळवा उन्नत मार्गाचा, कळवेकरांनी तपशील तपासून द्यावा. तो म्हस्के आणि शिंदे दोघांच्या कार्यालयात द्यायचा, कारण ऐरोली एकाकडे आणि कळवा दुसऱ्याकडे. आणि तिसरी प्रत भिवंडीला बाळ्यामामांकडेही. ते विरोधात आहेत, पण कल्याण-भिवंडीकडचे किती लोक नवी मुंबईत कामाला येतात ते बघा. दुसरा मतदार यादीचा. नावं वगळताना घरोघर तपासणी झाली होती का, आणि किती अर्जांवर. तो विधी व न्याय खात्याला जाईल ना, नाना? केदार, तू येशील का सोबत? सत्ताधारी मतदार बरोबर असला तर कार्यालयात नीट ऐकतील.

घोडबंदरचा_केदार | २४ जुलै, सकाळी ९.२०

येतो. शनिवारी सकाळी चालेल. पण मसुद्यात आघाडी, मंत्रिपद, कोणाला किती मिळालं यातलं एक अक्षर नको. फक्त काम. आणि माझ्याकडून एक जोड: ठाणे-मुलुंड दरम्यानच्या नव्या स्टेशनाचा. मनोरुग्णालयाच्या जागेचा प्रश्न उच्च न्यायालयात सुटला, आता रेल्वेचं काम कुठवर आलं आणि पूर्ण कधी होणार ते विचारा. हा पाठपुरावा आधीच्या खासदारांनी, विचारेंनी केला होता. पक्ष बदलला म्हणून काम मागे पडू नये.

नाना_नौपाडा | २४ जुलै, सकाळी ११.००

यादीचा प्रश्न विधी व न्याय खात्यालाच जातो. पण यादीचं काम आयोगाकडे असल्याने उत्तर त्यांच्याकडून मागवतात आणि वेळ लागतो. तो वेगळ्या कागदावर लिहा, रेल्वेत मिसळू नका. प्रत्येक मसुदा अर्ध्या पानाच्या वर जाऊ देऊ नका, आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.

उलवे_उरणकर | २४ जुलै, दुपारी १२.४०

बारणेंकडे आम्ही जातो, पनवेलचे चौघेजण तयार आहेत. मसुदा इथेच टाकतो, नाना बघून घ्या:

"नागरी हवाई वाहतूक मंत्री सांगतील काय: (क) नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळास लोकनेते दि. बा. पाटील यांचे नाव देण्याबाबत महाराष्ट्र शासनाचा प्रस्ताव मंत्रालयास कोणत्या दिनांकास प्राप्त झाला. (ख) त्यावर आजवर कोणत्या दिनांकांना कोणती कार्यवाही झाली. (ग) प्रस्ताव केंद्रीय मंत्रिमंडळापुढे केव्हा ठेवण्यात येणार आहे. आणि (घ) विमानतळावरील पदभरतीत प्रकल्पग्रस्तांना प्राधान्य देण्याबाबत कोणते लेखी निर्देश देण्यात आले आहेत?"

चारही भागांत तारीख किंवा कागद मागितलाय. आणखी काही घालायचं असेल तर शुक्रवारपर्यंत सांगा, शनिवारी टाइप करून नेतो.